मुहूर्ताचं इन्स्टॉलेशन

हेमांगीने पुन्हा स्क्रीन रिफ्रेश केली. लिलावाचं ॲप उभं राहत होतं, पडत होतं, परत उभं राहत होतं. खिडकीबाहेर मिरचीच्या गाड्या लागल्या होत्या. ठसक्याने तिचे डोळे चुरचुरत होते आणि लिलावाच्या घंटेची वेळ जवळ येत चालली होती.

नंदुरबारच्या या व्यापारी मंडळाने पहिल्यांदाच लिलाव संगणकावर घ्यायचं ठरवलं होतं, तेही अध्यक्ष शांतीलाल यांच्या शब्दाखातर. ते हेमांगीचे सख्खे काका. याच कामाच्या भरवशावर ती पुण्याची नोकरी सोडून जवळच्या धानोऱ्याला, आपल्या गावी परतली होती. आज घंटेला ॲप चाललं नाही, तर मंडळ तोंडी बोलीवर जाणार होतं आणि तिला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

"काय वं, व्हयनं का चालू?" दारातून भूपेंद्रने विचारलं. तो काकांचा मुलगा, मंडळाचा सचिव.

"थांब ना दादा."

"मी थांबसू, यापारी कसाले थांबतीन? म्हणतस, अध्यक्षनी पुतणीले नारळ फोडाले बलाई."

नारळ फुटला होता हे खरं. गेल्या आठवड्यात काकांनी हंगामाचा मुहूर्त धरला, तेव्हा लिलावासाठी मागवलेल्या तीन मशीनपैकी एकच आलं होतं आणि सेटिंग अर्धवट होतं. "ते मांगून कर, मुहूर्त थांबस नही," काका म्हणाले. मग तिने प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला एकच आज्ञा दिली आणि लिलावाचा अख्खा प्लॅटफॉर्म त्या एका मशीनवर बसवला. कीबोर्डला कुंकू लागलं. मोलगीचा शेतकरी गोवाल याची मिरची काकांनी मुहूर्ताचा मान म्हणून चढ्या भावाने घेतली, तो पहिला सौदा नोंदला गेला. नंतर ते सगळं काढून आज तिने तिन्ही मशीन जोडली आणि तोच प्लॅटफॉर्म नव्याने बसवला.

ती स्क्रीनवरच्या नोंदी खालपर्यंत वाचत गेली आणि थबकली. डेटाबेस पासवर्ड नाकारत होता. म्हणजे पॅकेज मॅनेजरने जुनं सगळं काढलं होतं, पण साठवण, म्हणजे सौद्यांचा जुना डेटा, मुद्दाम शिल्लक ठेवली होती. नव्या इन्स्टॉलेशनने नवा पासवर्ड तयार केला आणि साठवण मुहूर्ताच्या दिवशीचाच मागत होती. तो पासवर्ड तर केव्हाच पुसला गेला होता.

साठवण पुसली की काम झालं असतं. तिच्यात एकच सौदा होता, पण तो मुहूर्ताचा.

ती काकांकडे धावली.

"मुहूर्त पुसाना?" काकांचा चेहरा उतरला. त्यांनी गाड्यांकडे पाहिलं. "माले काय इचारस? मान त्याना व्हता. त्याले इचार."

गोवाल आपल्या पोत्यांवर बसला होता. तिने भराभर सगळं सांगितलं.

"पैसे तर मिळाले मला," तो म्हणाला. "नाव जाईल?"

"जाईल. पण आज पहिलं नाव तुमचंच घालते."

"नाव कशावर घालशील? ती मिरची तर शेठ घेऊन गेले." त्याने पोत्यावर थाप मारली. "आज ही आहे. मुहूर्त नवा, तर भावही मुहूर्ताचा."

"आजचा भाव उतरलाय, गोवालभाऊ."

"मग पुसू नको."

मागे येऊन उभे राहिलेले काका कपाळावर हात मारत म्हणाले, "हाई पोरगी माले बुडाडी! दिधा तो भाव. जाय, पळ!"

तिने प्लॅटफॉर्म काढला. मग साठवण पुसण्याची आज्ञा लिहिली. बोट क्षणभर बटणावर अडलं, मग दाबलं गेलं. तिने सगळं पुन्हा बसवायला लावलं. ॲपचा एकेक भाग ज्यात चालतो त्यातला पहिला कंटेनर उभा राहिला, मग दुसरा. तिसऱ्यापाशी गाडं थांबलं. ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. बाहेर भूपेंद्रने घंटा वाजवली.

"चालू शे का नही?" काका खिडकीतून ओरडले.

तिसरा उभा राहिला. तो पुन्हा पडतो का, हे ती पाहत राहिली. तो पडला नाही.

"बोली करा, काका!"

गर्दीतून कोणीतरी हसलं. आजच्या बाजारात कोणीही दिला नसता असा भाव काकांनी मोठ्याने पुकारला आणि हेमांगीने पहिल्या सौद्यापुढे गोवालचं नाव लिहिलं.