डावा पदर वर

मिनोवा तोशिएने स्वतःच्या आईला शवपेटीत जिवंत माणसासारखं नेसवलं, याला कारण तिची एकतीस वर्षांची नोकरी.

नोकरी तशी साधी. तोक्योच्या पश्चिमेकडे, सायकलदुरुस्तीच्या एका दुकानावरच्या दोन मजल्यांत एक अॅनिमे स्टुडिओ आहे. तिथे ती मधल्या चित्रांची तपासनीस. मोठे चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढून देतात, मधली चित्रं इतर लोक भरतात, आणि त्या प्रत्येक चित्रात हाताला पाचच बोटं आहेत ना, हे तोशिए बघते. पण या स्टुडिओचं नाव किमोनोतल्या पात्रांसाठी. तलवारबाज, देवळातल्या सेविका, शेपट्या असलेल्या कोल्हीणबाई, तीनशे वर्षं वयाच्या शाळकरी मुली, सगळे किमोनोत. त्यामुळे इथे बोटांपेक्षा पदराला महत्त्व. उजवा पदर अंगालगत, डावा त्याच्यावर. जिवंत माणूस असाच नेसतो. उजवा वर येतो तो फक्त मेलेल्याचा. नवे लोक आरशासमोर उभे राहून चित्रं काढतात आणि आठवड्याला एखाद्या तरी नायकाचं मढं होऊन टेबलावर येतं. मग तोशिए वर पिवळा कागद ठेवून पदर बदलते. हजारो जणांना तिने असं परत आणलं होतं, आणि त्याचा तिला विशेष अभिमान नव्हता. दोन सेकंदांचं काम.

तिची आई फुसा कावागोए गावात किमोनो नेसवायचे वर्ग घ्यायची. चाळीस वर्षांत तिने अर्ध्या गावाच्या नवऱ्या नेसवल्या. मुलीच्या पात्रांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. रविवारी सकाळी भाग संपला की पाचव्या मिनिटाला तिचा फोन यायचा.

"तुझ्या त्या कोल्हीणबाईला सांग, पोटऱ्या उघड्या टाकून हिंडू नये."

"आई, ती चारशे वर्षांची आहे."

"मग तर लाज असायला हवी."

फेब्रुवारीत फुसा गेली. शवपेटीवाल्या गृहस्थांनी तिला पांढरा किमोनो रीतसर नेसवला, उजवा पदर वर. घरच्यांनी एकेक करून फुलं ठेवायची होती. तोशिए शेवंती घेऊन वाकली, पदर उलटा दिसला, आणि हात आपोआप पुढे गेला. दोन सेकंद. गृहस्थांनी ते बघितलं असावं, पण रडणाऱ्या मुलीला नियम सांगू नयेत असं त्यांच्या धंद्यात शिकवतात. तोशिए रडत नव्हती. तपासत होती.

चूक तिच्या लक्षात आली ती दहनगृहाच्या प्रतीक्षागृहात, हातात चहा असताना. शेजारी तिचा थोरला भाऊ कियोत्सुगु बसला होता. त्याची हयात पाणीखात्यात गेलेली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला, आणि या टप्प्यावर दुरुस्ती करता येणार नाही असं सांगितलं. पुढे एकोणपन्नासाव्या दिवशी भिक्षूंनी मंत्र म्हटले, आता त्या पलीकडे पोहोचल्या असं जाहीर केलं, आणि सगळे जेवायला गेले. तोशिएच्या डोक्यात एकच प्रश्न होता. गावाला नेसवणारी बाई स्वतः चुकीचं नेसून कुठल्या दाराशी उभी राहणार? आणि तिथल्या लोकांनी तिला आत तरी का घ्यावं? अंगावर जिवंत माणसाचा पदर, म्हणजे जा परत.

एप्रिलमध्ये नवी मालिका सुरू झाली. घाटमाथ्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या ओसाए नावाच्या मुलीची. साधा निळा किमोनो, कमरेचा पट्टा, म्हणजे ओबी, जिथे असावा तिथे, पोटऱ्या झाकलेल्या. आईला बोलायला जागा राहिली नसती, असं तोशिएला वाटलं आणि वाईटही वाटलं.

सहाव्या भागात गडबड झाली. दिग्दर्शक उगाजिनला एका शॉटमध्ये ओसाए डावीकडे नको, उजवीकडे बघायला हवी होती. नव्याने काढायला वेळ नव्हता. संगणकावर कोणीतरी शॉटच उलटा केला, आरशातल्यासारखा. तो तोशिएकडे परत आलाच नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी देशभर चार सेकंद ओसाए मेलेल्या माणसाच्या पदरात चहा ओतत होती.

दुपारपर्यंत प्रेक्षकांनी निकाल लावला होता की पोरगी पहिल्या भागापासून मेलेलीच आहे. कोणी पुरावे काढले. तिची सावली कमी पडते म्हणे, आणि ती कधी काही खात नाही. सावली कमी पडत होती कारण ती रंगवायला माणूस नव्हता. संध्याकाळी निर्मात्यांची बैठक झाली आणि हा संकेत आधीपासूनच ठरलेला होता असं ठरलं.

त्या सकाळी भाग संपल्यावर तोशिए घरी फोनसमोर बसून होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन वाजला नाही, हे साहजिकच होतं.

सोमवारी चित्रांची पाकिटं वाटणारा त्सुबोउची तिच्या टेबलापाशी आला. मोजणीच्या बाबतीत तो कडक माणूस. ओसाएच्या पाकिटात पंचवीस कागद होते आणि कुठलं चित्र कधी दिसणार ते लिहिलेल्या वेळपत्रकावर चोवीस. कोणी भरलं म्हणून त्याने सगळ्यांना विचारलं होतं, कोणी कबूल होत नव्हतं. त्याच्या अनुभवात लोक चित्र कमी देतात, जास्त देणारा त्याला आजवर भेटला नव्हता.

पंचविसाव्या कागदावर क्रमांक नव्हता. एकदाही न खोडता काढलेली रेघ होती. ओसाएच होती, समोर तोंड करून उभी, दोन्ही हात पाठीमागे ओबीच्या गाठीकडे नेलेले. पदर बरोबर होता, डावा वर. रंग भरायच्या आधी कागदावर सगळीच पात्रं पांढऱ्या कपड्यांत असतात. तोशिएला हे एकतीस वर्षं माहीत होतं, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मंगळवारी पुन्हा एक जास्त. बुधवारी पुन्हा. रोज एकच, कुठल्या ना कुठल्या पाकिटात, सगळ्यांत खाली. कागद नेहमीचाच, तीन भोकांचा, पण हातात घेतला की गार लागायचा आणि त्याला कापराचा वास यायचा. तोशिएने त्सुबोउचीला सांगितलं, मोजणीत माझीच चूक आहे, यापुढे ओसाएची पाकिटं थेट माझ्याकडे दे. तिच्या तोंडून चूक हा शब्द ऐकून तो इतका हादरला की पुढे काही विचारलंच नाही.

शनिवारी तिने सहा कागद दिव्याच्या टेबलावर चढवले, कोपरे बोटांत धरले आणि फडफडवून बघितले. चित्र हललं. गाठ सुटायला लागली होती. चेहरा ओसाएचा, अठरा वर्षांचा, गालावर सुरकुती नाही. हात मात्र तिचे नव्हते. डाव्या करंगळीचं शेवटचं पेर आत वळलेलं होतं. शिलाईयंत्राखाली सापडून वाकडी झालेली ती करंगळी तोशिएने लहानपणी रस्ता ओलांडताना रोज धरली होती.

आई पदर बदलत होती. रोज एक चित्र, या वेगाने.

तोशिएने हिशेब केला, कारण तो तिला येत होता. ओबी सोडायचा, आतल्या नाड्या सोडायच्या, दोन्ही पदर उघडायचे, उजवा वर घ्यायचा, पुन्हा सगळं बांधायचं. काटकसर केली तरी शहाण्णव चित्रं. आणि मालिकेचं शेवटचं पाकीट जूनच्या मध्यात. तोवर जेमतेम सव्वीस व्हायची. सव्विसाव्या चित्रात ओबी पायाशी आणि पदर सुटलेले. दूधवाल्यासमोरही ओबी बांधल्याशिवाय न आलेली बाई तशीच, अर्धी उघडी, राहून जाणार. त्यानंतर ओसाएचे कागद यायचे बंद होणार, आणि आलेले सगळे खोक्यांत भरून लगद्याच्या कारखान्यात जाणार.

उरलेली सत्तर चित्रं काढायला तोशिएला आठवडा पुरला असता. तिने पेन्सिल उचलली नाही. रोज सकाळी इतरांच्या आधी यायची, पाकीट उघडायची, खालचा कागद काढायची. आज खांदा किती वळला, आज गाठीचं टोक कुठवर आलं. गेल्या दहा वर्षांत ती आईला इतकी नियमितपणे भेटली नव्हती. काम पुरं केलं की आई जाणार, हे तिला नीट कळत होतं. न करण्याचं कारण तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात उगाजिनने ते कागद बघितले. तोशिए जेवायला गेली होती आणि तो तिच्याकडचं खोडरबर पळवायला आला होता. ती परतली तेव्हा तो तिच्या खुर्चीत बसून अठरा कागद फडफडवत होता, पुन्हा पुन्हा. उगाजिन कशालाच चांगलं म्हणत नाही. त्याच्या लग्नातल्या भाषणात बायकोबद्दल त्याने ठीक आहे असं म्हटल्याचं सांगतात.

कोणाचं काम, असं त्याने विचारलं. आपल्याकडे नाडी अशी सोडता येणारं कोणी नाही.

तोशिए म्हणाली, बाहेरून येतं.

"कुठल्या शॉटचं?"

"कुठल्याच नाही."

त्याने आणखी एकदा फडफडवून बघितलं. "मग अर्धं का सोडलंय?"

"वेळ मिळाला नाही."

"मिनोवा-सान, तुम्ही वेळ मिळाला नाही म्हणता? तुम्ही?" तो उठला, खोडरबर खिशात घातलं. "तीन आठवडे बाई हात मागे धरून उभी आहे. हात भरून आले असतील तिचे."

दारापर्यंत गेल्यावर त्याला हे कौतुक फार झालं असं वाटलं असावं, कारण पाय जरा मोठे आलेत, असं सांगून तो गेला.

तोशिए बसली. कागदावर आईचे दोन्ही हात मागे होते, कोपरं वर. संधिवाताने शेवटची चार वर्षं तिला केसांत पिनसुद्धा लावता येत नव्हती.

त्याच दुपारी तोशिएने एकोणिसावा कागद चढवला.

स्वतः चित्र काढून तिला बारा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी आठच झाली. दुसऱ्या सकाळी ती आली तर आठही कागद टेबलावर होते आणि रेघा सरकलेल्या होत्या. फार नाही. नाडी बोटभर वर गेली होती, मानेमागची गळपट्टी अर्धं बोट खाली ओढलेली, आणि डावं कोपर, जे तोशिएलाही मनातून चुकल्यासारखं वाटत होतं, ते बरोबर झालं होतं. पिवळा कागद नाही, शेरा नाही. त्या दिवसापासून पाकिटांत चोवीसच्या जागी चोवीसच येऊ लागले. आईने काढणं थांबवलं होतं, आता ती फक्त तपासत होती. तिला ते जास्त जमायचं.

पुढचे दिवस असेच गेले. दिवसा तोशिए काढायची, सकाळी दुरुस्त केलेलं सापडायचं. सगळ्यात जास्त त्रास पदराने दिला. तिच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. उजवा वर न्यायचा असं ठरवून रेघ सुरू करावी, आणि शेवटी डावा वर आलेला. सोळा वेळा खोडलं. कागद झिजून पलीकडचा दिवा दिसायला लागला. सतराव्या खेपेला तिने उभं राहून, स्वतःच्या स्वेटरवरून, उजवा हात डाव्यावर आडवा घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग बसून ते काढलं.

शनिवारी सगळे ध्वनिमुद्रणाला गेले होते. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. अकरा वाजता शहाण्णवावं चित्र झालं. ओबी बांधलेला, उजवा पदर वर, हात पुढे एकावर एक. चेहरा आता ओसाएचा नव्हता. तोशिएने तो बदलला नव्हता, आईनेही बदलला नसावा. सुरकुत्या आपल्या आपण येऊन बसल्या होत्या.

तिने सगळी चवड बोटांत धरली आणि सोडली. बारा सेकंद. बाई ओबी सोडते, पदर उघडते, बदलते, बांधते, उभी राहते. आणि उभीच राहते.

तोशिएने पुन्हा सोडली. तेच. सगळं बरोबर आहे आणि बाई हलत नाही, समोर बघते आहे. काय राहिलं, हे चित्रकाराला लगेच कळलं असतं. तपासनिसाला जरा वेळ लागला. चौकटीतून बाहेर जायचं तरी ते कोणीतरी काढावं लागतं. पात्र आपणहून जात नाही.

आणखी दहा चित्रं. हे बाकी सगळ्यापेक्षा सोपं होतं, पाठमोऱ्या बाईची चाल, आणि तोशिएने ते काढायला दुपारचे चार वाजवले. पाठ वळली. एक पाऊल. दुसरं. बाही चौकटीच्या कडेला गेली. एकशेसहाव्या कागदावर फक्त वाकडी करंगळी उरली होती.

मग तिने एक कोरा कागद घेतला, तीन खुंट्यांवर चढवला. त्यावर काही काढायचं नव्हतं. कोपऱ्यात एकशेसात लिहिलं. चौकट रिकामी झाली की वेळपत्रकावर त्या जागी फुली मारतात, हा या धंद्यातला नियम आहे. तोशिएने वेळपत्रक ओढलं आणि फुली मारली.