मंतीची वाफ

मर्गिलानच्या त्या रेशीम कारखान्यात कोश उकळायला लागणारी वाफ सूर्यच पुरवत असे. अंगणात पन्हळीसारख्या वाकवलेल्या आरशांच्या आठ रांगा, त्यांच्यासमोर काचेत घातलेली काळी नळी आणि नळीत पाणी. आरशांवर शंभर भाग ऊन पडलं तर त्यातले एकेचाळीस भाग वाफ होऊन उकळशाळेत पोचत. ताश्कंदहून आलेले इंजिनियर तोहिर-अका, म्हणजे तोहिरदादा, म्हणत, पंचावन्न तरी पोचायला हवेत. बाकीचं कुठे मुरतं, या प्रश्नावर त्यांनी चार वर्षं, दोन चष्मे आणि एक माणूस खर्ची घातला होता.

माणूस म्हणजे होशिम वेल्डर. पहिल्याच वर्षी तोहिर-अकांनी अहवालात लिहिलं, 'सांधे गळतात.' गळताना कुणी पाहिले नव्हते. पण कोरडी वाफ डोळ्यांना दिसत नाही, हे शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. होशिमला काढलं. तो आता बाजारात किटल्यांना डाख देतो.

यंदा तोहिर-अकांनी नळीला नवा काळा लेप दिला, काच दुहेरी केली, पाइपांना काचलोकर गुंडाळली. त्याच आठवड्यात रोजे लागले. मोजमाप घेतलं तर अठ्ठावन्न! दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न, महिनाभर अठ्ठावन्न. अकांनी ताश्कंदला कळवलं. ईद झाली की समिती येऊन त्यांना मानाचा चापान चढवणार असं ठरलं. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला भरजरी झगा म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक.

समिती यायच्या आदल्या दुपारी काटा त्रेचाळीसवर आला.

अकांनी आरसे पुसले. मग सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. शेवटी पाइपावर हात ठेवून त्याच्या कडेने चालत निघाले, ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी पोचले. तिथे पाइपाला एक नळ होता, नळाला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला पाच मजली मोदकपात्रासारखं भांडं. भांड्याशी उकळशाळेची मुकादम सलोमत-ओपा, सगळ्यांची ताई, उभी होती.

"ओपा, हे काय?"

"मंती. मांस-कांदा भरलाय. चाळीस बायका जेवायच्यात."

"आणि वाफ?"

"तुमचीच की! पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं का मी? 'घ्या हो ओपा, सूर्य काय कुणाच्या बापाचा आहे?' म्हणालात. कागदातून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतंत."

"रोज घेता?"

"रोज, ऐन दुपारी दोन-तीन तास. चहाचं पाणी वेगळं. रोज्यांत तेवढा नळ बंद असतो; दर वर्षी तेव्हा तुम्ही ताश्कंदला असता, यंदाच इथे राहिलात. उपाशी बाईला उकडून काय घालणार?" ओपाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "असं तोंड का केलंत, दोम्ला? तुम्हीच तर आठ-आठ हाणता. अशी लुसलुशीत मंती ताश्कंदला मिळत नाही म्हणता."

दोम्ला, म्हणजे गुरुजी, कांद्याच्या पोत्यावर बसले. लेप, काच आणि लोकर यांची मिळून कमाई होती दोन भाग. बाकी सगळं चार वर्षं ते स्वतः चावून खात होते, वर दही घालून.

ओपाला हळूहळू उलगडा झाला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "उद्या नळ बंद ठेवते. एक दिवस नान आणि गार पाण्यावर भागेल. बायका काही बोलायच्या नाहीत."

तोहिर-अका 'नको' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काटा आज्ञाधारकपणे अठ्ठावन्नवर उभा राहिला. समितीने टाळ्या वाजवल्या. निळा, जरीचा, आत कापूस भरलेला चापान अकांच्या खांद्यावर आला. अंगणापलीकडे चाळीस बायका नान मोडून खात होत्या आणि अकांकडे कौतुकाने बघत होत्या. अकांनी मान वर केली नाही.

"पूर्वी काय भानगड होती हो?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"वेल्डर!" कारखान्याचे संचालक हसले. "गळके सांधे. हाकलला त्याला."

सगळे हसले. झग्याच्या आत तोहिर-अकांच्या पाठीवरून घामाची धार उतरली.

"सांधे गळत नव्हते," ते म्हणाले. "वाफ मी खात होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, नळाला परवानगी आपलीच होती तिथपासून आजच्या बंद नळापर्यंत. ऐकताना अध्यक्षांना आपल्या बुटांवर काहीतरी महत्त्वाचं दिसत राहिलं. चापान परत मागावा की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि चढवणाऱ्यांसमोर तो उतरवण्याची आमच्याकडे रीत नाही. तेव्हा जूनच्या उन्हात तोहिर-अका तसेच, झग्यासकट, बाजारात गेले.

होशिमने किटलीवरून नजर उचलली. "लग्न कुणाचं, अका?"

"होशिम, सांधे गळत नव्हते."

"माहीत आहे."

"वाफ मंतीत जात होती."

"तेही माहीत होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"चाळीस बायकांचं जेवण बंद करायला?" होशिमने किटली उलटी करून तिच्या बुडाला फुंकर मारली. "आणि तुम्ही विचारलंत कुठे?"

अका पुढे सरकून त्याच्यासमोर उकिडवे बसले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"जरा मागे सरा," होशिम बत्ती पेटवत म्हणाला. "झगा पेटेल."