फळ्याचा मालक

मास्तरांनी फ्रीजमधून रक्ताची पिशवी काढली, कोपराने दार लोटलं आणि लेबल डोळ्यांजवळ नेलं.

“शून्य चार, सात सात, एक नऊ. बी पॉझिटिव्ह.”

“शून्य चार, सात सात, एक नऊ. बी पॉझिटिव्ह,” धाकटी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली.

मगच त्यांनी पिशवी ट्रेमध्ये ठेवली. रक्तपेढीत हा नियम होता. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुन्हा म्हणायचं, आणि दोघांचं जुळलं तरच पिशवी काउंटरकडे जायची. नियम मास्तरांनी केलेला नव्हता, पण त्यांनी तो प्रत्येकाच्या अंगी इतका भिनवला होता की घरी मुलाच्या खोकल्याच्या औषधावरची तारीखसुद्धा धाकटी मोठ्याने वाचायची आणि नवरा ती पुन्हा म्हणेपर्यंत झाकण उघडायची नाही. नवरा आधी हसायचा. आता मुकाट्याने म्हणायचा.

तिला धाकटी म्हणत, कारण ती इथे आली तेव्हा सगळ्यांत लहान होती. तिच्यानंतर तिच्याहून लहान माणसं आली, तिच्या कानशिलांवर पांढरं दिसू लागलं, तरी नाव काही सुटलं नाही. मास्तरांनीच ते ठेवलं होतं.

“धाकटे, तुला डॉक्टरबाईंनी बोलावलंय,” काउंटरवरून रेडिओ म्हणाला. तो दिवसभर अखंड बोलायचा म्हणून रेडिओ. आज मात्र एवढंच बोलून तो पावत्यांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसला.

डॉक्टरबाई रक्तपेढीच्या प्रमुख होत्या. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच धाकटीला विषय कळला.

“कालची पिशवी,” त्या म्हणाल्या.

“पकडली ना आपण. रेडिओने वाचतानाच पकडली.”

“पकडली. पिशवीवर तपासणीचं लेबल नव्हतं म्हणून पकडली. पण फळ्यावर ती हिरवी होती. तपासणी व्हायची बाकी असलेली पिशवी हिरवी, अगं!”

फळा म्हणजे आता भिंतीवरचा फळा नव्हे. तो पूर्वी होता. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते त्यावर लिहीत, आणि एकदा कोणाच्या तरी बाहीने ओ निगेटिव्हची अख्खी ओळ पुसली गेली होती. त्यानंतर मास्तर कंप्युटरसमोर बसले ते उठलेच नाहीत. “कोड-बिड काही लिहावा लागत नाही गं,” ते सांगायचे, “ठोकळे ओढायचे आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. लग्न जमवण्यासारखं आहे.” त्यांनी एक ॲप तयार केलं आणि त्याचं नाव फळाच ठेवलं. तपासणी बाकी असेल तर पिशवीपुढचा ठोकळा राखाडी, द्यायला योग्य असेल तर हिरवा, मुदत संपली की लाल. मग त्यांनी सगळ्यांना ते वापरायला दिलं. बाकीच्यांना फक्त नोंदी करता येत. धाकटीला त्यांनी सहमालक केलं. तिला फळ्यात बदल करता यायचे. मालक ते स्वतः. सहमालक सगळं करू शकतो, फक्त मालकाला हलवू शकत नाही, हेही त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“महिन्याभरापूर्वी त्यांनी फळा अख्ख्या हॉस्पिटलला वाटला होता, ते माहीत आहे मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

धाकटीने मान खाली घातली. मास्तरांना नव्या तंत्रज्ञ मुलीला फळा द्यायचा होता. नाव निवडण्याऐवजी त्यांनी ‘सर्वजण’ निवडलं. धोबीखान्यापासून कँटीनपर्यंत सगळ्यांना मेल गेला. कँटीनच्या आचाऱ्याने फोन करून विचारलं होतं, “हे रक्ताचं आम्ही काय करायचं, साहेब?” तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. मास्तरही.

“त्यांनी कोणा डॉक्टरला दाखवलंय का?”

“वहिनी घेऊन गेल्या होत्या. गोळ्या सुरू आहेत.”

“आणि हे मला कोणी सांगायचं?”

संध्याकाळी घरी निघण्याआधी धाकटी रोज फळा उघडायची, मास्तरांनी दिवसभरात कुठे हात लावला ते पाहायची आणि सुटलेले धागे गुपचूप बांधून ठेवायची. परवा मुलाला ताप होता म्हणून ती लवकर गेली. तेवढा एक दिवस.

“त्यांना काढायचं नाहीये मला,” डॉक्टरबाईंचा आवाज उतरला. “रक्तदाते त्यांच्या नावाने येतात. त्यांनी नंबर वाचावेत, शिकवावं, निवृत्त होईपर्यंत सन्मानाने राहावं. पण फळ्यात बदल करायचा हक्क त्यांच्याकडे नको. तू करतेस की कंप्युटर विभागाला सांगू? ते करतील तर त्यांना एक मेल जाईल, आपला प्रवेश मर्यादित करण्यात आला आहे म्हणून. बस, तेवढंच.”

“मी करते.”

“आज.”

दुपारी रेडिओ जेवायला गेला आणि खोलीत दोघंच उरली. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. धाकटीने खुर्ची मास्तरांच्या शेजारी ओढली. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

“मास्तर, फळ्याची मालकी माझ्या नावावर करून ठेवता का? म्हणजे समजा, तुम्ही रजेवर गेलात...”

“मी कुठे चाललोय रजेवर?”

“कधीतरी जालच ना.”

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.

“खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही,” ते म्हणाले. “म्हणून येत नाही तुला.”

तिने टेबलाच्या कडेवरचा चिकटपट्टीचा तुकडा नखाने खरवडायला घेतला.

“ती पिशवी माझ्यामुळे हिरवी झाली ना?”

“मास्तर...”

“रेडिओ सकाळपासून गप्प आहे. रेडिओ गप्प म्हणजे बातमी मोठी.” ते हसले, पण हसू ओठांवर फार वेळ राहिलं नाही. “रंग जरा ठळक करायला गेलो होतो मी. माझ्यासारख्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावेत म्हणून. एवढंच आठवतंय. पुढचं काही... पुढचं आठवत नाही.”

फ्रीज बंद पडल्यासारखा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“चल,” त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. “दोघांनी वाचायचं. मी म्हणतो, तू पुन्हा म्हण.”

“अहो, याला काय...”

“नियम म्हणजे नियम. मालक बदला.”

“मालक बदला.”

“नवा मालक...” त्यांनी तिचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, हजेरीपटावर होतं तसं. त्या खोलीत ते नाव कोणी कधी घेत नसे. धाकटीने ते एकेक शब्द सुटा करत पुन्हा म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरलं आणि थांबलं.

“झालीस मालकीण. आता पुढचं तुझं. तू वाच.”

नावांच्या रांगेत आता मास्तरांचं नाव तिच्या खाली आलं होतं. तिने ते वाचलं. त्यांनी स्वतःचं नाव तसंच पुन्हा म्हटलं, पिशवीवरच्या नंबरासारखं, न अडखळता.

“फक्त वापरू शकेल,” तिने वाचलं.

“फक्त वापरू शकेल.” आवाज स्वच्छ होता.

खाली एक चौकोन होता, त्यात आधीपासूनच खूण केलेली होती: संबंधित व्यक्तीला मेलने कळवा. मास्तरांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“ही काढ. संबंधित व्यक्ती शेजारी बसलीये, तिला मेल कशाला?”

तिने खूण काढली आणि जतन केलं. मास्तर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांवर चोळले.

“घरी हिला मी सांगेन. तू फोन करू नकोस.”

“नाही करणार.”

“आणि रडायचं असेल तर तिकडे जा. इथं पिशव्या आहेत.”

मग त्यांनी तिला चहा पाजला. मशीनचा, नेहमीसारखा बेचव. चहा पिताना ते तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होते, नंबर वाचताना ती इतकी घाबरली होती की तिने स्वतःचाच रक्तगट वाचला होता. ती गोष्ट त्यांना अगदी बारीकसारीक तपशिलांसह आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पर्स खुंटीला अडकवत होती, तेवढ्यात हाक आली.

“धाकटे, जरा इकडे ये गं.”

मास्तर कंप्युटरसमोर बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला. बाजूला रेडिओ पावत्या घेऊन उभा होता.

“हे बघ. बदल करायचं बटणच दिसत नाहीये. हे रंग जरा ठळक करावेत म्हणतो मी. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत.”

ते थट्टा करताहेत असं तिला वाटलं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“काल तर होतं,” ते म्हणाले.

रेडिओने तोंड उघडलं. काल तो जेवून आल्यावर धाकटीनेच त्याला सगळं सांगितलं होतं. “मास्तर, अहो काल दुपारी तुम्हीच तर...”

“मी काढलं,” धाकटी म्हणाली.

रेडिओ तिच्याकडे बघत राहिला.

“तू?” मास्तरांनी चष्मा खाली घेतला. “का गं?”

“चुका होत होत्या, मास्तर.”

“आणि मला न विचारता?”

कालच्या दुपारची कुठेच नोंद नव्हती. मेल गेला नव्हता. त्या खोलीत दोघंच होती, आणि दोघांनीही वाचलं होतं.

“न विचारता,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. कीबोर्ड टेबलाच्या कडेशी समांतर करून ठेवला, माऊस त्याच्या शेजारी. उठताना त्यांना खुर्चीच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

“विचारलं असतंस तर मीच दिलं असतं,” ते म्हणाले.

बाहेर काउंटरवर एक बाई मागणीची चिठ्ठी घेऊन उभी होती. रेडिओने चिठ्ठी घेतली, गट वाचला आणि आत आणून धाकटीच्या टेबलावर ठेवली. सवयीप्रमाणे तिने स्क्रीन पुढे ओढली.

मास्तर फ्रीजपाशी गेले. पिशवी काढली, कोपराने दार लोटलं. मग तिच्याकडे न बघता त्यांनी हाक मारली.

“रेडिओ, तू ये इकडे.”

रेडिओ जागीच घुटमळला. धाकटीने हनुवटीने त्याला जा म्हणून खुणावलं.

“शून्य पाच, दोन एक, आठ तीन,” मास्तरांनी वाचलं. “ओ निगेटिव्ह.”

रेडिओला एरवी शब्दांची कमी नसे. आज त्याचा आवाज यायला वेळ लागला. तोवर धाकटीने स्क्रीनवर तो नंबर शोधला, त्याच्यापुढच्या हिरव्या ठोकळ्यावर बोट ठेवलं, आणि ओठांतल्या ओठांत तो पुन्हा म्हटला.