दोन्ही टाक्या

साहेबांनी कीबोर्ड उलटा धरला आणि टेबलावर आपटला. बिस्किटाचा चुरा पडला, एक टाचणी पडली, केव्हातरी हरवलेलं शर्टाचं बटण पडलं. व्हायरस मात्र पडला नाही. पडद्यावर तीच चौकट दिमाखात उभी होती : आपला संगणक धोक्यात आहे, येथे दाबा. ती बंद केली की तिच्या जागी दोन यायच्या.

"दाबू नका," मागून पत्नी म्हणाली.

"दाबत नाहीये."

"मग बोट तिथे काय करतंय?"

साहेबांनी बोट मागे घेतलं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊनही सगळे त्यांना साहेबच म्हणत, आणि इस्पितळातली नोकरी संपली तरी पत्नीला सगळे सिस्टरच म्हणत. त्यामुळे त्या घरात हुकूम सोडायला दोघं होती आणि पाळायला कुणीच नव्हतं.

संगणक खरं तर सिस्टरांचा. बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या आयुष्याचं पुस्तक त्या त्यावर लिहीत होत्या. प्रकाशकाने मुदत वाढवून दिली होती, मग पुन्हा वाढवून दिली होती. "सोमवारी हातात पडलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल," असं तो शेवटी अत्यंत गोड आवाजात म्हणाला होता. आज शनिवार. आणि याच आठवड्यात साहेबांनी, संगणक फार रेंगाळतो म्हणून, वेग वाढवणारा एक प्रोग्रॅम फुकटात उतरवून घेतला होता.

"रेंगाळत होता तेच बरं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मीही रेंगाळतच लिहिते."

"आता मुळापासून काम करावं लागणार. सगळी सिस्टिम नव्याने टाकायची."

"आधी माझं पुस्तक बाहेर काढून ठेवा. तुमच्या ड्रॉवरमध्ये तो पेनड्राइव्ह आहे ना, पाकीटसुद्धा न फोडलेला?"

"तो चांगल्या कामासाठी ठेवलाय."

"आणि हे काय आहे?"

"अगं, दूषित पाणी कुणी भरून ठेवतं का? बिघाड सी ड्राइव्हमध्ये आहे. तुझं पुस्तक डीमध्ये. सी धुऊन काढायचा, डीला हात लावायचा नाही. डी सुरक्षित असतो, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय."

सिस्टरांनी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी गरजेपेक्षा मोठ्या आवाजात लावायला घेतली.

पहिली अडचण बटणाची आली. यंत्र सुरू होता होता एक विशिष्ट बटण दाबायचं होतं, पण ते कोणतं, यावर माहितीपुस्तिकेचं आणि यंत्राचं एकमत नव्हतं. बटण सांगणारी ओळ पडद्यावर यायची आणि चष्मा नाकावर चढेपर्यंत निघून जायची. साहेब यंत्र बंद करत, चालू करत, दबा धरून बसत, आणि पुन्हा तीच चौकट : आपला संगणक धोक्यात आहे. "माहीत आहे रे बाबा," साहेब तिच्यावर ओरडले. शेवटी त्यांनी वरच्या रांगेतली सगळी बटणं पेटी वाजवावी तशी एकदम दाबली. यंत्राने हार मानली. मग अटींचं लांबलचक पत्रक आलं. साहेबांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, त्यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही, तेव्हा संमती दिली.

पुढच्या पडद्यावर सी नव्हता. डीही नव्हता. विभाग एक, विभाग दोन, विभाग तीन असं लिहिलं होतं.

साहेब थबकले. पत्नीला हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण भांड्यांचा आवाज अजून निवला नव्हता. अशा वेळी ते खात्याच्या नियमाकडे वळत. एका टाकीत घाण सापडली, की तिला जोडलेली प्रत्येक टाकी रिकामी करायची, एक थेंब मागे ठेवायचा नाही. या नियमावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती, एकही ठपका न येता. त्यांनी पहिला विभाग रिकामा केला. मग दुसरा. नक्की पुसायचं ना, असं यंत्राने विचारलं. हाताखालच्या माणसाने असं उलटून विचारलेलं त्यांना कधीच खपलं नव्हतं. त्यांनी 'होय' दाबलं आणि तिसराही पुसला.

काही मिनिटं लागतील, असं पडद्यावर आलं. त्यानंतर दुपारचं जेवण झालं, निम्मी वामकुक्षी झाली, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालं.

"ये, बघ," अखेर त्यांनी हाक मारली. "आरशासारखा लख्ख!"

सिस्टर हात पुसत आल्या, खुर्चीवर बसल्या. एक खिडकी उघडली, बंद केली. दुसरी उघडली. लख्ख होतं खरं. इतकं, की कुठेच काही नव्हतं.

"डी कुठे आहे?"

साहेब पडद्याच्या मागच्या बाजूला वाकून वायरी बघू लागले.

"अहो, मी विचारतेय. डी कुठे आहे?"

"तो... जोडलेलाच होता ना सीला."

सिस्टरांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या. "ताप उतरवायला सांगितलं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही पेशंटच जाळून आलात."

"पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम असतो. फुकट मिळतो."

"खबरदार!"

साहेबांनी टाचणी उचलून खिशाला लावली, मग काढली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना बसायला कुठली खुर्ची घ्यावी ते कळत नव्हतं.

"पुस्तक भाऊजींकडे आहे," सिस्टर म्हणाल्या.

"कुठले भाऊजी?"

"तुम्हाला भाऊ किती आहेत?"

भाऊ एकच होता. धाकटा, शाळेत भाषा शिकवणारा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. त्याने परवानगीशिवाय घेतलेली नळाची जोडणी साहेबांनी, साहेब असताना, गल्लीदेखत स्वतः उभं राहून तोडली होती. तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नव्हता.

"तू त्याच्याकडे जातेस?"

"प्रत्येक प्रकरण झालं की त्यांच्या पेनड्राइव्हवर घालून नेते. ते माझे स्वल्पविराम सुधारतात. शेवटचं प्रकरणही त्यांच्याच यंत्रावर आहे."

"मला म्हणायचीस, ग्रंथालयात जाते."

"तिथेही पुस्तकंच असतात."

साहेबांनी हे गिळलं. "मग कर की फोन त्याला."

"मी कुठल्या तोंडाने करू? पुसलंय तुम्ही." त्यांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "सोमवारपर्यंत वेळ आहे. मी काही बोलणार नाही."

त्या खरंच काही बोलल्या नाहीत. तेच साहेबांना सहन होईना. त्यांनी फोन उचलला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे?"

"...दादा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"ती बरी आहे. तिचं पुस्तक माझ्या हातून पुसलं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

"वहिनींचं आहे, त्यांना देईनच," धाकटा म्हणाला. "पण न्यायला तू ये."

संध्याकाळी दोघं तिकडे गेली. पुस्तक जागेवर होतं, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत. सिस्टरांनी पाकीट फोडलं, पेनड्राइव्ह लावला, पुस्तक त्यात उतरवून घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून जाऊबाईंकडे आत जाऊन बसल्या. बाहेर दोघं भाऊ उरले. पंख्याकडे बघून झालं, भिंतीकडे बघून झालं.

"तुझं आवडतं प्रकरण कुठलं?" धाकट्याने विचारलं.

साहेबांनी घसा साफ केला. डाव्या हाताच्या नखांकडे पाहिलं, मग उजव्याच्या.

"म्हणजे तू वाचलंच नाहीस?"

धाकट्याने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि पहिलं पान उघडलं.

"हात लावायचा नाही!" आतून सिस्टर म्हणाल्या. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

साहेबांनी हात मांडीवर घेतले, बोटं एकमेकांत अडकवली आणि वाचायला लागले. सावकाश, अटींचं पत्रक वाचतात तसे. निम्म्यावर एकदा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वरून सुरुवात केली. पान संपलं तेव्हा त्यांची मान वर झाली नाही.

"हं," ते म्हणाले.

धाकट्याने पान पुढे सरकवलं.