अर्ध्यावर आलेला कोट

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात 'अर्ध्यावर आलंय' या शब्दांत काहीही मावायचं. कापड गाठोड्यात पडून असलं तरी ते अर्ध्यावर आलेलं असे आणि नुसती बटणं राहिली असली तरी अर्ध्यावरच. गिऱ्हाईक तणतणत आलं, की मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढताच हेच म्हणत. टाचण्यांच्या भीतीने कुणी फार वाद घालत नसे.

निवृत्त पोस्टमनचा कोट चार महिने अर्ध्यावर होता. दर सोमवारी तो येऊन ऐसपैस बसायचा, "कुठवर आलं गाडं?" विचारायचा आणि उत्तर ऐकून खुशीत निघून जायचा. कापडाला अजून कात्री लागलेली नव्हती. इतकं समजूतदार गिऱ्हाईक लाभलं, की घाई दुसऱ्यांचीच करावी लागते.

या सोमवारी त्याची बहीण आली.

"मास्तर, दादा गेला. पहाटे."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"कोट आहे तसा द्या. जन्मभर खाकी घातली त्याने. जाताना तरी स्वतःचा कोट अंगावर असू दे."

"तासाभराने या, ताई," मास्तर कसेबसे म्हणाले. "जरा टाके नीट करतो."

ती वळताच त्यांनी गाठोडं सोडलं. चिठ्ठीवरचं माप जुनं होतं. हल्ली त्याचे खांदे उतरले होते; दिसत होतं, विचारलं नव्हतं. मास्तरांनी अंदाजाने दोन बोटं कमी धरली आणि कापड कापलं. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, सगळं पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने जोडलं. अस्तर नाही, खिसे नाहीत, कॉलर नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा कोट खरोखर अर्ध्यावर आला.

तासाभराने परतलेल्या बहिणीने त्यावरून हात फिरवला. "किती निगुतीने केलंय! उगाच नाही इतके दिवस लागले."

हे मात्र मास्तरांना गिळवेना.

"ताई, सगळं आत्ताच केलंय. कापड तसंच पडून होतं. मी फसवलं त्याला."

तिने कोटाच्या उघड्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"तो तर घरी येऊन सांगायचा, आज खिसे झाले, आज कॉलर लागली. कॉलरीचं इतकं कौतुक, की मी म्हटलं, आता तिच्याशीच लग्न लाव."

मास्तरांची नजर रिकाम्या फळीकडे गेली. पोस्टमनच्या नावाची चिठ्ठी लावलेलं ते गाठोडं चार महिने गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोरच्याच फळीवर होतं.

बहीण त्या खुर्चीत टेकली.

"कॉलर तेवढी लावा, मास्तर. मी थांबते."