टोटल नॉर्मल

निवेदितानं बॅग भरायले घेतली तेव्हा मी मोबाईल पाहून राहिलो होतो. पाहून म्हणजे तोंड लपवून.

लग्नाले वर्ष बी नाही झालं. आन कितीतरी दिवसांपासून मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. इच्छाच होत नाही. अंगात जीव नाही. तिनं काही विचारलं का मी चिडायचो. मंग एक दिवस उरल्याच्या मिलमधून ड्युटी संपवून येताना टेस्टोस्टेरॉनची टेस्ट केली. टोटल नॉर्मल आलं. तो रिपोर्ट मी तिच्यापुढं टाकला.

"पाह. माझ्यात काही खराबी नाही."

म्हणजे कोणात आहे, ते मी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

मंग दर सोमवारी जेवणं सोडलं तिनं. मी समजलो, डाएट.

मी रोलिंग मिलमधी डिस्पॅच पाहतो. ट्रक लोड होईपर्यंत बसून राहा लागते, म्हणून तिथंच त्या टेस्टबद्दल वाचत गेलो. कोणी शिकवलं नाही, मोबाईलवरच. वाचता वाचता समजलं. टोटल म्हणजे रक्तात आहे तेवढं सगळं. पण त्यातलं बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रोटीनले घट्ट चिपकून राहते, ते कामाचं नाही. थोडंसं मोकळं असते आन काही अल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनले ढिलं लटकलेलं. शरीराले वापरता येते ते एवढंच. आमच्या यार्डात नाही का, गाड्या भरपूर उभ्या, पण दुसऱ्या पार्ट्यांनी बुक केलेल्या. पाहाल तर यार्ड फुल. माल न्यायले गाडी नाही.

आन सॅम्पल सकाळी द्यायचं असते. मी संध्याकाळी दिलं होतं. स्वतःले लय हुशार समजतो मी.

डॉक्टरनं परत लिहून दिलं. टोटल, एसएचबीजी, अल्ब्युमिन. सकाळी, उपाशीपोटी. लॅबमधी काउंटरवरची दीदी ओरडली, "टेस्टोस्टेरॉन वाले भैया कौन हैं?"

मी उठलोच नाही. बाजूले आमच्याच चौबे कॉलोनीतल्या विनोदिनीकाकू बसल्या होत्या, शुगरसाठी.

"अभिनव, तू कसा काय इथं?"

"बाबांची शुगर, काकू."

"बाबा कुठं आहेत मंग?"

"अभिनव कौन है? उम्र उनतीस!" दीदी परत ओरडली.

सगळी बेंच माझ्याकडे पाहू लागली. काकू हळूच म्हणाल्या, "आन आम्ही त्या पोरीले सोमवार करायले सांगितले. नवऱ्याचं मन लागत नाही म्हणून रडून राहिली होती."

सुई टोचली ती मले समजली बी नाही.

आज रिपोर्ट आला. टोटल नॉर्मलच. एसएचबीजी जास्त, आन त्यावरून काढलेलं फ्री, म्हणजे मोकळं, ते कमी. डॉक्टर म्हणाले, "घाईनं औषध नाही देत. एसएचबीजी काहून वाढलं ते पाहू. थायरॉइड करून घ्या." घरी आलो तर ही बॅग.

"निवेदिता, तो पहिला रिपोर्ट अर्धाच होता."

तिचं माहेर पुरानी बस्ती मोहल्ल्यातलं. राग आला का हिंदीवर येते. "मतलब?"

मी यार्डाचं सांगू लागलो. बुक केलेल्या गाड्या, रिकाम्या गाड्या.

"ट्रक की बात मत कर. सीधा बोल."

"खराबी माझ्यात आहे. तू मले आवडते. पहिलेपासून आवडते."

ती बॅगवरच बसली.

"तो बोला क्यों नहीं?"

"लाज वाटली."

"और मुझे नहीं लगी?"

ती डोळे पुसून उठली. "मैंने अपनी आई को बता दिया है कि मैं तुझे पसंद नहीं. तब से वो ठीक से खाना नहीं खा रही. चल मेरे मायके, अब तू बोल."

"आईंले? हे सगळं?"

"हव."

बॅग मी उचलली. ऑटोत वाटलं मधातच उतरून पळावं.

सासूबाईंनी दार उघडलं. जावई आला म्हणून हसल्या बी नाही, माझ्या हातातल्या बॅगकडेच पाहत राहिल्या. मी चपला काढायच्या आधीच बोललो.

"आई, हिचे सोमवार बंद करा. खराबी माझ्यात आहे."