चाळीस थेंब

घड्याळजींनी बाटली काउंटरवर ठेवली आणि आवाज जराही न चढवता सांगितलं, "ताई, तुमच्या औषधात काच आहे."

दवाखान्याच्या तळमजल्यावर औषधं बनवायची एक छोटी खोली होती आणि तिचा सगळा कारभार एकट्या फार्मासिस्टबाईच्या हातात होता. कुणाला गोळी गिळता येत नाही, कुणाला अर्ध्याच्याही अर्धी मात्रा हवी, अशांसाठी ती पातळ औषधं स्वतः बनवायची. पंधरा वर्षांत तिच्या हातच्या बाटलीबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. तिने बाटली उजेडात धरली. तळाशी बारीक, लखलखत्या सुयांचा थर बसला होता.

औषध घड्याळजींच्या बायकोचं होतं. ती गणिताची निवृत्त शिक्षिका. सगळी आळी तिला मास्तरीणबाई म्हणायची. वर्षापूर्वी डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला अधूनमधून झटके यायचे आणि गोळी घशात अडकायची. घड्याळजी रोज सकाळी आठच्या ठोक्याला ड्रॉपरने चाळीस थेंब मोजून द्यायचे. घड्याळांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्याच्या हातून एकेचाळिसावा थेंब पडणं शक्यच नव्हतं.

वरिष्ठांनी त्या खेपेच्या सगळ्या बाटल्या परत मागवायला लावल्या. संध्याकाळपर्यंत बाकीच्या सहाही परत आल्या आणि सगळ्या नितळ निघाल्या. म्हणजे बिघाड फक्त या एकाच बाटलीत होता. फार्मासिस्टबाईने तिच्यातला एक थेंब निळ्या लिटमसवर टाकला. कागद लाल झाला, म्हणजे औषध आंबट झालं होतं, आणि तिला अर्धं कोडं सुटलं.

हे औषध मुळात पाण्याशी फटकून वागणारं. त्याचा क्षार बनवला की ते निमूटपणे विरघळतं, पण त्या पाण्यात आंबटपणाचा लवलेशही चालत नाही. आंबट काही पडलं की औषध पुन्हा आपल्या मूळ रूपात येतं आणि सुया होऊन तळाला बसतं. मग वरचं पाणी जवळजवळ बिनऔषधाचं, आणि खालचा गाळ नको तेवढा जहाल.

तिने घड्याळजींना खोदून खोदून विचारलं. त्यांनी कानांवर हात ठेवले; बाटलीत त्यांनी काही म्हणजे काही घातलं नव्हतं. मग तिने बायकोच्या तब्येतीचं विचारलं. महिन्याच्या सुरुवातीला दोनदा झटके येऊन गेले होते, आणि या आठवड्यात ती दुपारपर्यंत डोळेच उघडत नव्हती. म्हणजे आधी औषध कमी गेलं होतं आणि आता जास्त. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला, ती बाटली बंद केली, डॉक्टरांनी सांगितलं तसं नव्या खेपेतलं औषध दिलं आणि तीन दिवसांनी स्वतःच त्यांच्या घरी गेली.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर अकरा घड्याळं, अकराही एकाच मिनिटावर. मास्तरीणबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती, आता बरीच तरतरीत. फार्मासिस्टबाईने घसा साफ करून प्रस्तावना सुरू केली, तर मास्तरीणबाईने हात वर करून थांबवलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "संत्र्याचं सरबत."

घड्याळजी खुर्चीतून अर्धे उठले. "कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेलात की रोज जरासं, बाटलीतच. किती कडू आहे ते औषध, माहीत आहे? तुम्ही नुसते थेंब मोजता, गिळायचं मला असतं."

"मग मला सांगायचं नाही का?"

मास्तरीणबाईने पांघरुणाची घडी नीट केली. "इतकं जीव लावून मोजत होता तुम्ही. कुठल्या तोंडाने सांगणार?"

घड्याळजी पुन्हा खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले. फार्मासिस्टबाई चांगली खरडपट्टी काढायच्या तयारीने आली होती, पण तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने फक्त सुयांचं कारण समजावलं, आणि तळाचा गाळ एकदम पोटात गेला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. मास्तरीणबाईने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे बेरीज तीच राहिली, वाटणी चुकली," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उतरला.

आता आंबटाला न घाबरणारं औषध हवं होतं. डॉक्टरांची संमती घेऊन फार्मासिस्टबाईने क्षाराचा नाद सोडला आणि मूळ औषधच थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवलं. त्यात ग्लिसरीन घातलं, मग पाणी. पहिल्या वेळी पाण्याची घाई झाली आणि सगळं दुधासारखं पांढरं झालं. दुसऱ्या वेळी तिने धार अगदी बारीक धरली, सतत ढवळत राहिली, आणि द्रावण आरशासारखं स्वच्छ उतरलं. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवूनही एक सुई दिसली नाही, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. शेवटी तिने राजरोस संत्र्याचा स्वादही घातला. ग्लिसरीनच्या गोड दाटपणामुळे कडूपणा जिभेला तितका झोंबत नव्हता. मास्तरीणबाईने पहिल्या दिवशी दहापैकी साडेसहा गुण दिले. तिच्या हातून एवढे फार थोड्यांना मिळाले होते.

त्याच दुपारी घड्याळजी पुन्हा काउंटरवर हजर.

"औषध छान आहे," ते म्हणाले. "फक्त थेंब बारीक पडतात. आधी एका मिलीत वीस मावायचे, आता सव्वीस. सकाळी देण्याआधी मोजून पाहिले. चाळीसवर थांबलो असतो तर कमी पडलं असतं, म्हणून बावन्न दिले. बरोबर केलं ना?"

अल्कोहोल मिसळलं की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब लहान पडतो, हे फार्मासिस्टबाईला कॉलेजपासून पाठ होतं. लेबल लिहिताना मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"बरोबर केलंत, काका. चूक माझी," ती म्हणाली, आणि मिलीच्या खुणा असलेली सुईविना सिरिंज त्यांच्या हातावर ठेवली. मग कपाट उघडून ड्रॉपरने द्यायची सगळी औषधं खाली काढली. घड्याळजींना घरी जायची घाई नव्हती. ते स्टूल ओढून बसले आणि एकेका बाटलीचे थेंब मोजू लागले. ती आकडा विचारत गेली आणि नवी लेबलं लिहीत गेली.